पाच-चाळीसचा मिस्ड कॉल

छत्तीसगडच्या नव्या राजधानीत संगणकशास्त्र खऱ्या अर्थानं कोणी जगलं असेल, तर ते आमच्या साडूंनी. बाकीचे ते शास्त्र शिकले, त्यांनी ते शिकवलं, त्यावर पगार घेतले, थंड हवेच्या केबिनी घेतल्या. पण घराच्या कुलपापासून अंगणातल्या नळापर्यंत आपला सगळा संसार त्या शास्त्राच्या हवाली करणारा माणूस मी एकच पाहिला. एवढं सांगितल्यावर त्यांच्याकडे संगणक नव्हता, हेही सांगून टाकतो.

ऑफिसात एक होता. त्यावर मोठ्या साहेबांच्या पत्नीनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर असे आणि ते फक्त साहेबांचं पत्र टाइप करायचं असलं की निघे. साडूंचं पद डाटा एंट्री ऑपरेटरचं. ते सगळा डाटा जाड रजिस्टरात निळ्या पेनानं चढवत. नोकरी संविदेची, म्हणजे कंत्राटी, आणि तीही अकरा वर्षं. दरवर्षी मार्चअखेर ती संपे आणि मधला एक दिवस सोडून परत सुरू होई, म्हणजे माणूस सलग नोकरीत होता असं कोणाला म्हणता येऊ नये. त्या एका दिवशी आमचे साडू कायद्यानं बेरोजगार असत. तरी ते नेहमीच्या स्टाफ बसनं नव्या रायपूरला जात, मात्र आपल्या खुर्चीवर न बसता समोरच्या, कामासाठी आलेल्या लोकांच्या खुर्चीवर बसत. कोणी कागद घेऊन आलं तर हात जोडून सांगत, "भैया, कल आना. आज हम भी बाहर के हैं."

मग एका वर्षी सूचना निघाली की संविदेवरच्या लोकांची मुलाखत घेऊन त्यातून सहायक प्रोग्रामर नेमले जातील, पक्के. विषय: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग आणि डिझाईन पॅटर्न. वयाच्या मर्यादेत साडू त्या वर्षी जेमतेम बसत होते, पुढच्या वर्षी बसणार नव्हते. मेहुणी, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, जुन्या रायपुरातल्या तात्यापारा वस्तीतून शेजारच्या बूढापाऱ्यात आमच्या घरी आली, चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, यंदा नाई झालं तं उमर निघून जाईन. मंग जल्मभर त्या एका दिवसाचे बेरोजगार राहतीन." साडूंनी मात्र हा प्रश्न पुस्तकानं सोडवायचं ठरवलं होतं.

पुस्तक इंग्रजी, विटेएवढं जाड, साहेबांच्या कपाटातलं. कॉलेजसमोरच्या दुकानातून साडूंनी त्याची झेरॉक्स काढून घेतली, स्पायरल लावलं, वर खाकी कव्हर घातलं आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. डिझाईन पॅटर्न म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्याच त्याच अडचणी परत परत येतात. तेव्हा जाणत्या लोकांनी त्यांची ठरलेली उत्तरं काढून त्यांना नावं देऊन ठेवली आहेत. "तुमाले सांगतो साडूभाऊ, दुनियेत नवी अडचण नाईच आहे. सगळ्या जुन्या आहेत. फक्त पान नंबर पाहाचा अन् उत्तर काढाचं." मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे यातल्या पान नंबरापर्यंत माझी काहीच हरकत नव्हती.

सुरुवात साध्या गोष्टींनी झाली. दिवाळीच्या आधी साडूंच्या घरी त्यांची आई चकल्या करत बसली होती, तर साडूंनी तिच्या हातातला साचा उचलून सगळ्यांना दाखवला. "हा क्लास. अन् ह्या चकल्या म्हनजे ऑब्जेक्ट. क्लास पक्का असते, ऑब्जेक्ट येते-जाते." आई म्हणाली, "अन् तुटली तं?" साडू म्हणाले, "तो बग." आईनं तो बग उचलून तोंडात टाकला आणि साचा परत मागितला. त्या दिवशी निघताना साडू मला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "साडूभाऊ, ऑफिसात पद आहे ना, तो क्लास आहे. मी ऑब्जेक्ट आहो. दर मार्चले मले पुसतेत अन् एप्रिलले परत बनवतेत." मी चकल्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

संगणक नसल्यामुळे ते प्रोग्राम दोनशे पानी रजिस्टरात लिहीत, पट्टी लावून, समास सोडून. लिहून झाला की चालवायलाही तेच. खाटेवर मांडी घालून बसत, पहिल्या ओळीवर बोट ठेवत आणि ओळ सांगेल ते करत बोट पुढे सरकवत. 'वर परत जा' असं लिहिलेलं असेल तिथून बोट मुकाट्यानं वर जाई. एका रविवारी मी दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर ताटं वाढलेली, वरण निवत चाललेलं, आणि साडूंचं बोट एका पानावर गोल गोल फिरत होतं. मेहुणीनं तिसऱ्यांदा हाक मारली, "अहो, या ना आता!" साडू मान वर न करता म्हणाले, "लूपमधी आहो. बाहेर निघाची अट लिहाची राहून गेली." "मंग पुसा ना ते पान!" "चालू प्रोग्राममधी पुसता येत नाई." शेवटी त्यांच्या आईनं येऊन पंख्याचं बटण बंद केलं. वीज गेली, असं समजून साडूंनी बोट उचललं आणि जेवायला आले.

हे सगळं खाटेवरच राहिलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण वापरल्याशिवाय पॅटर्न मुरत नाही असं पुस्तकात कुठेतरी होतं, आणि तेवढं पान झेरॉक्समध्ये अगदी स्वच्छ आलं होतं.

पहिला मान सिंगलटनचा. सिंगलटन म्हणजे अशी वस्तू जी साऱ्या प्रोग्राममध्ये एकच असते आणि हवी त्याला मिळते. साडूंच्या घराच्या कुलपाला तीन किल्ल्या होत्या. हे त्यांना शास्त्राला धरून वाटेना. एका संध्याकाळी फिरायला जाऊन त्यांनी त्यांतल्या दोन बूढा तलावात सोडल्या आणि हातपाय धुऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी घरची मंडळी बाजारात गेलेली असताना तिसरी खिशात घालून ते स्टाफ बसनं नव्या रायपूरला गेले. ती बस संध्याकाळशिवाय परत येत नाही आणि दुसरी कोणती बस असते याबद्दल त्या काळी दोन मतं होती. साडेअकराला मेहुणी, तिच्या सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या आमच्या घरी येऊन दाखल झाल्या. मी फोन लावला. साडूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "एकच आहे, हे बरोबर झालं," ते म्हणाले. "सगळ्याइले मिळाली पाहिजे, तो भाग राहून गेला." तो भाग त्यांनी त्याच संध्याकाळी पुरा केला: दाराशेजारी खिळा ठोकला आणि किल्ली कायमची त्यावर टांगली. पुढे तात्यापाऱ्यात ही गोष्ट इतकी माहीत झाली की भाजीवालीसुद्धा घरी कोणी नसलं की कुलूप उघडून, दुधी आत ठेवून, कुलूप लावून जायची. चोरी कधी झाली नाही. एकदा मात्र घरात एक फणस जास्त निघाला आणि तो कोणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मग अ‍ॅडॅप्टर आला. ज्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही त्यांच्यामध्ये बसणारा दुवा तो अ‍ॅडॅप्टर. साडूंच्या आई नागपूरकडचं मराठी बोलतात, मुलगी हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं गेली सतरा-अठरा वर्षं उत्तम चाललं होतं. साडू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून दोघींच्या मध्ये बसले.

"पोट्टे, पानी आन वं जरा," आजी म्हणाल्या.

साडू मुलीकडे वळले. "दादी पानी माँग रही हैं."

"पापा, मैंने सुना."

साडू आईकडे वळले. "ते म्हनते, तिनं आयकलं."

"मंग आनत काहून नाई?"

"पूछ रही हैं, ला क्यों नहीं रही."

"आप रास्ते में बैठे हो, पापा."

हे शेवटचं वाक्य साडूंनी आईला सांगितलं नाही. खुर्ची उचलून ते अंगणात गेले आणि बराच वेळ नळाकडे बघत उभे राहिले. तिथे त्यांना ऑब्झर्व्हर सुचला, आणि साडूंचं जे काही नाव आज तात्यापाऱ्यात आहे ते त्या ऑब्झर्व्हरमुळे.

तात्यापाऱ्यात नळ सकाळी येई, पण कधी येई हे नळावर होतं. पाच वाजल्यापासून घराघरातून बायका उठून तोटी फिरवून बघत, "आला का वं?" "नाई आला," असं एकमेकींना विचारत आणि परत आडव्या होत. साडूंना याचा फार त्रास होई. प्रत्येकानं सारखं विचारत बसणं हा पुस्तकाच्या मते अडाणीपणा होता. शहाणपण असं, की ज्यांना बातमी हवी त्यांनी एकदा नाव नोंदवून झोपावं, आणि घटना घडली की तिनंच सगळ्यांना कळवावं. साडूंचं घर गल्लीच्या उतारावर, त्यामुळे पाणी पहिल्यांदा त्यांच्याकडे येई. त्यांनी तोटी उघडी ठेवून खाली पितळी परात पालथी घालायला सुरुवात केली. पहिली धार पडली की परात वाजे, परातीनं आई जागी होई, आई साडूंना हलवी आणि साडू रजिस्टरातल्या यादीप्रमाणे एकेका घरी मिस्ड कॉल देत. बहुधा पाच-चाळीसला. चौदा घरांनी नावं दिली. पंधरावं नाव त्यांनी न विचारता माझं घातलं. "तुमी घरचे आहा," ते म्हणाले.

योजना खरोखर चालली, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. गल्ली पाच-चाळीसपर्यंत गाढ झोपू लागली. अडचण एकच होती: यादीत नाव घालायची सोय होती, काढायची नव्हती. रेल्वेतल्या मेश्राम साहेबांची बदली बिलासपूरला झाली, बिऱ्हाड हललं, तरी काकूंचा फोन रोज पाच-चाळीसला वाजत राहिला. पंधरा दिवसांनी त्यांनी उलटा फोन केला.

"भाऊ, आमी बिलासपूरले आहो."

"माईत आहे काकू. नळ आला."

आणखी एकानं नंबर बदलला, तर तो जुना नंबर राजनांदगावच्या कुठल्याशा ट्रक ड्रायव्हरला मिळाला. त्यानं पहिल्या आठवड्यात शिव्या दिल्या, दुसऱ्या आठवड्यात चौकशी केली आणि तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, "भैया, अब इसी से उठता हूँ. बंद मत करना."

मी एकदा ते पुस्तक मागून घेतलं. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण पान नंबर वाचता येतात. 'जोडणे' हा भाग जिथे संपत होता त्याच्या पुढचं पान थेट 'कळवणे' होतं. मधली दोन पानं झेरॉक्सवाल्याकडून चिकटून राहिली होती. मी ते साडूंना दाखवलं. त्यांनी पुस्तक बंद केलं, कव्हरवरची धूळ पुसली आणि म्हणाले, "लय महत्त्वाचं असतं तं आलं असतं."

मुलाखतीच्या दिवशी मेहुणीनं मला सोबत पाठवलं. नवं रायपूर तेव्हा अजून भरायचंच होतं. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला ओळखायला तो अलीकडे यायची वाट पाहावी लागली असती. पण पलीकडे माणूसच नसे. इमारतीच्या पायऱ्या अशा बेतानं बांधल्या होत्या की चढून जाईपर्यंत अर्ज आपोआप नम्र व्हावा. साडूंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि झेरॉक्स छातीशी धरली होती. मुलाखतीच्या खोलीचं दार सागवानी, नक्षीदार आणि अगदी नवं होतं, त्यामुळे ते लागत नव्हतं. बाहेरच्या बाकावरून मला आतलं सगळं ऐकू येत होतं आणि फटीतून अर्धं दिसतही होतं. मध्ये मोठे साहेब, त्यांच्या उजवीकडे इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक प्राध्यापिका, आणि डावीकडे एक गृहस्थ, जे काजू खात होते.

प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी का कोई उदाहरण दीजिए."

म्हणजे जबाबदारीची साखळी: मागणी एकाकडे येते, त्याला झेपली तर तो ती पुरी करतो, नाही तर पुढच्याकडे सरकवतो. याचं पुस्तकातलं उदाहरण साडूंना तोंडपाठ होतं; आदल्या दिवशी त्यांनी ते मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. पण साडू म्हणाले, "मैडम, मेरी फाइल."

"कौन सी फाइल?"

"मुझे पक्का करने की. पहले बड़े बाबू के पास गई. उन्होंने लिखा, मेरे अधिकार में नहीं. फिर सेक्शन ऑफिसर के पास गई. उन्होंने लिखा, चर्चा करें. चर्चा हुई. फिर ऊपर गई. ऊपर से पूछा, नियम क्या कहता है. तो नीचे आई. फिर ऊपर गई. ग्यारह साल, मैडम. हर एक के पास दो ही रास्ते थे, खुद करे या आगे भेजे. किसी ने गलत नहीं किया."

हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. उदाहरण इतकं चपखल बसल्याचा त्यांना आनंद झाला होता, आणि तो आनंद बाहेर बाकापर्यंत येत होता.

"और आखिर तक किसी ने नहीं सँभाला तो?" बाईंनी विचारलं.

"तो मैडम, रिक्वेस्ट गिर जाती है. एरर भी नहीं आता."

आत एक काजू फुटल्याचा आवाज आला. साहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ये फाइल अभी किसके पास है?"

"आपके पास, सर. बाईं तरफ, लाल डोरी वाली."

साहेबांनी टेबलावरच्या डावीकडच्या गठ्ठ्याकडे मान वळवली. मग प्राध्यापिकाबाईंनी, बहुधा विषय बदलावा म्हणून, सौम्य आवाजात विचारलं, "ऑब्झर्व्हर में सूची से किसी को हटाना हो, तो कैसे हटाएँगे?"

मी बाकावरून उठून उभा राहिलो. तेच पान होतं. मला फटीतून त्यांची पाठ दिसत होती. पांढरा शर्ट मधोमध ओला झाला होता.

"हटाते नहीं, मैडम," ते शेवटी म्हणाले.

"क्यों नहीं?"

"एक बार जुड़ गया, तो जुड़ गया. किस मुँह से बोलेंगे कि कल से तुमको नहीं बताएँगे?"

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघंच होतो. साडू खिडकीतून त्या रुंद रस्त्याकडे बघत होते. "गेलं, साडूभाऊ," ते म्हणाले. "तेच पान आलं." थोड्या वेळानं म्हणाले, "पन काय असंन हो त्या पानावर?"

तीन आठवड्यांनी यादी लागली. त्यात साडूंचं नाव होतं. मुलाखत संपायच्या आतच साहेबांनी लाल दोरी सोडून सही केली, असं त्या काजूवाल्या गृहस्थांनी नंतर कोणाला तरी सांगितलं. मेहुणीनं अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. बिलासपूरला मेश्राम काकूंना मिस्ड कॉल गेला. पुढच्या मार्चअखेरीला साडू आपल्या स्वतःच्या खुर्चीवर बसले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे दिवसभर बघत राहिले, असं त्यांनीच मला सांगितलं. टेबल मिळालं, पाटी मिळाली. संगणकाची फाइल पुढे गेली आहे.

सरकारी क्वार्टरही मिळालं, नव्या रायपूरला. आई, मेहुणी, मुलगी, परात आणि खिळ्यासकट किल्ली असे सगळे तिकडे गेले. तिथे चोवीस तास पाणी असतं, त्यामुळे परातीत आता कणीक मळतात. पण साडू पाच-चाळीसला उठतात आणि रजिस्टर काढून सगळ्यांना मिस्ड कॉल देतात. तात्यापाऱ्यातला नळ हल्ली सव्वासहाला येतो. गल्लीतल्या बायकांनी हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. मधल्या वेळात चहा होतो, असं त्या म्हणतात.

ती दोन पानं मी मिळवली आहेत. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ते पुस्तक निघालं. मी स्वतः उभं राहून झेरॉक्स काढून घेतली. ज्याला बातमीची गरज उरली नाही त्याचं नाव यादीतून कसं काढायचं, हे त्यात चार ओळींत दिलं आहे. साडूंच्या हातात ती पडली तर ते त्याच दिवशी रजिस्टर घेऊन बसतील आणि शास्त्राला धरून एकेक नाव तपासतील, याबद्दल मला शंका नाही. पानं माझ्या टेबलाच्या खणात आहेत, वह्यांच्या खाली.

आज सकाळीही फोन एकदा वाजून थांबला. बायको कूस बदलून म्हणाली, "नळ आला वाटते." मी उठलो आणि चहाचं आधण ठेवलं. आमच्याकडे पहिल्यापासून बोअरिंगचं पाणी आहे.